कॅथलिक विवाह: फादरांच्या पहिल्या भेटीपासून नोंदवहीतल्या सहीपर्यंत

कॅथलिक चर्चमध्ये विवाहसंस्कार वर आणि वधू एकमेकांना देतात. फादर चर्चच्या वतीने त्यांची संमती विचारतात, ती स्वीकारतात आणि आशीर्वाद देतात. पण लग्न होतं ते त्या दोघांनी मोकळ्या मनाने, साक्षीदारांसमोर दिलेल्या होकाराने. आई-बाप, मामा, पंच, खुद्द बिशप, कुणीही तो होकार त्यांच्याऐवजी देऊ शकत नाही. दाखले, पुकार (होणाऱ्या लग्नाची चर्चमध्ये केलेली जाहीर घोषणा), फादरांनी एकेकट्याला बोलावून विचारलेले प्रश्न हे सगळं तो होकार खरा आणि मोकळा आहे ना, एवढं पाहण्यासाठी असतं. हे घरातल्या मोठ्यांना आधीच समजावून सांगितलं की पुढची निम्मी कुरबुर टळते.

१९८३ च्या चर्च कायद्यात (कलम १०५५ आणि १०५६) विवाह हा स्त्री-पुरुषांनी संपूर्ण आयुष्यासाठी केलेला करार मानला आहे. त्यात दोघांचं कल्याण आणि मुलांचा जन्म व संगोपन हे हेतू आहेत. एकनिष्ठता आणि अतूटपणा हे त्याचे गुण आहेत. दोघांचाही बाप्तिस्मा झालेला असेल तर हाच करार संस्कारही असतो. एकाचा बाप्तिस्मा नसेल तर बिशपांनी सूट दिल्यावर झालेलं लग्न चर्चच्या दृष्टीने वैध असतं, पण संस्कार नसतं. हा फरक पुढे कागदपत्रांत आणि विधीत दोन्हीकडे दिसतो.

कधी सुरुवात करायची

लग्नाच्या किमान सहा महिने आधी. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक धर्मप्रांतात, म्हणजे नाशिकच्या बिशपांच्या कार्यक्षेत्रात येतात. साधी प्रकरणं धर्मग्रामातच (स्थानिक चर्चच्या हद्दीतच) मिटतात, पण बिशपांची सूट (चर्चच्या नियमातून दिलेली मोकळीक) लागली तर कागद नाशिकला जाऊन परत येईपर्यंत वेळ जातो. त्यात विवाहपूर्व शिबिर असतं. ते साधारण दोन-तीन दिवसांचं असतं आणि दर महिन्याला, दर ठिकाणी होत नाही. शिबिराची तारीख आधी पक्की करा, मगच हॉल आणि मंडप ठरवा.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी तर हिशोब उलटा मांडायला हवा. दसरा-दिवाळीनंतर टोळी गुजरातकडे किंवा दक्षिण महाराष्ट्राकडे निघाली की उन्हाळ्यापर्यंत मुलगा-मुलगी फादरांना भेटणार नाहीत. मे महिन्यात लग्न करायचं असेल तर पहिली भेट, दाखल्यांची मागणी आणि जमल्यास शिबिर हे टोळी निघण्याआधी उरकून घ्यावं. एप्रिलअखेर परत येऊन पंधरा दिवसांत सगळं जमवायला गेलं की पुकार अपुरी राहते, नाहीतर दाखला येत नाही.

तारीख ठरवताना पंचांग नाही, चर्चचं कॅलेंडर पाहायचं. गुड फ्रायडे आणि पवित्र शनिवार या दोन दिवशी लग्न होत नाही. उपवासकाळात (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) आणि आगमनकाळात (नाताळाआधीचे चार आठवडे) बंदी नाही, पण त्या काळाचा साधेपणा पाळावा लागतो, आणि अनेक फादर तेव्हा लग्न टाळायलाच सांगतात. २०२७ मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाची सुरुवात, १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे उन्हाळी हंगाम एप्रिलपासून मोकळा. रविवार शक्यतो नको. त्या दिवशी फादरांना वाड्या-पाड्यांवरच्या मिस्सा (चर्चची मुख्य उपासना) असतात, आणि मोठ्या सणांच्या व काही काळातल्या रविवारी विवाहाची खास मिस्सा न होता त्या दिवसाचीच मिस्सा होते.

वेळेचाही नियम आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियमाप्रमाणे विवाहविधी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत व्हावा. कॅथलिक धर्मगुरूंना बिशपांच्या खास परवान्याने यात सवलत मिळते, पण ती गृहीत धरू नये. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा सकाळी ८ ची मिस्सा सर्वांत सोयीची. संध्याकाळची ठेवायची तर ५ ला सुरू होईल अशी ठेवा. डीजेपुढे नाचत वरात पावणेसातला दारात आली तर विधी घाईत उरकावा लागतो, आणि घाई होते नेमकी संमतीच्या शब्दांत.

कागद कोणते

दोघांपैकी एकाच्या धर्मग्रामात लग्न होतं. दुसरीकडे करायचं असेल तर आपल्या धर्मग्रामातल्या फादरांची परवानगी घ्यावी लागते. साधारण हे लागतं:

- बाप्तिस्म्याचा नवा दाखला, लग्नाच्या आधी सहा महिन्यांच्या आत काढलेला
- दृढीकरण संस्काराची (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करणारा संस्कार) नोंद. तो झालेला नसेल आणि फारशी अडचण नसेल तर लग्नाआधी घ्यावा
- लग्नाला मोकळे असल्याचा दाखला, विशेषतः कामानिमित्त सुरत, पुणे, मुंबईला राहिलेल्यांसाठी
- वयाचा पुरावा आणि आधार कार्ड, फोटो
- शिबिराचं प्रमाणपत्र
- विधवा-विधुरांसाठी आधीच्या जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला

घरात लॅमिनेट करून ठेवलेला लहानपणचा बाप्तिस्म्याचा दाखला चालत नाही, यावरून बरेच वाद होतात. कारण असं, की लग्न झालं की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदवहीत समासात केली जाते. नव्या दाखल्यावर तो समास उतरवलेला असतो, म्हणून माणूस आधी विवाहित आहे की नाही ते त्यावरून कळतं. वीस वर्षांपूर्वीचा कागद हे सांगू शकत नाही.

नावातला फरक ही खान्देशात नेहमीची अडचण. नोंदवहीत जोसेफ, शाळेच्या दाखल्यावर योगेश, आधारवर आडनावाचं तिसरंच रूप. नोंदवहीत खाडाखोड करायला कुणाला सांगू नका. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा आणि लग्नाच्या नोंदीत कोणतं नाव कसं लिहायचं ते फादरांशी आधीच ठरवा. पुढे पासपोर्टच्या वेळी हाच कागद उपयोगी पडतो. नोंदवही जळाली, भिजली किंवा नोंदच सापडत नसेल तरी मार्ग बंद होत नाही. एका विश्वासू साक्षीदाराचं निवेदन पुरतं. बाप्तिस्मा मोठेपणी घेतला असेल तर स्वतःची शपथही चालते (कलम ८७६).

वयाची अट भारतीय कायद्याची पाळली जाते: मुलगा २१, मुलगी १८ पूर्ण. चर्च कायद्यात वय कमी लिहिलं आहे असं सांगत कुणी आलं तरी फादर लग्न लावणार नाहीत.

पुकार बहुतेक ठिकाणी सलग तीन रविवारी, दोघांच्याही धर्मग्रामांत होते. कुणाला या लग्नाला अडथळा माहीत असेल तर त्याने सांगायचं असतं. आपल्या मुलीचं नाव चार लोकांत का घेता, असं काही घरांना वाटतं. पण फसवणुकीचे प्रकार इथेच उघडे पडतात, तेव्हा ती टाळायचा आग्रह धरू नये.

नात्यातलं लग्न

मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत खान्देशातल्या अनेक समाजांत आहे. चर्च कायद्यात तो अडथळा आहे, आणि बरीच कुटुंबं साखरपुडा उरकून मग फादरांकडे येतात. मोजायची पद्धत सोपी आहे. दोघांचा समान पूर्वज सोडून मधली सगळी माणसं मोजायची: मुलगा, त्याची आई, मामा, मामेबहीण. झाले चार. चौथ्या पायरीपर्यंतच्या रक्ताच्या नात्यात लग्न वैध होत नाही (कलम १०९१). आतेबहीण, मावसबहीण, चुलतबहीण सगळ्या याच पायरीवर येतात. चौथ्या पायरीला बिशप सूट देऊ शकतात, पण ती मागावी लागते, कारण द्यावं लागतं, आणि ती हातात आल्याशिवाय झालेलं लग्न वैध ठरत नाही. मामा-भाची ही तिसरी पायरी. तिथे सूट सहसा मिळेल अशी आशा धरू नये. चुलत-मामे भावंडांच्या मुलांची आपसांतली लग्नं मात्र अडथळ्यात येत नाहीत. बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्म-माता-पिता असण्याचा अडथळा लॅटिन (आपल्याकडच्या रोमन कॅथलिक) परंपरेत १९८३ नंतर उरलेला नाही.

जोडीदार कॅथलिक नसेल तर

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडं सविस्तर.

जोडीदार दुसऱ्या ख्रिस्ती मंडळीचा असेल आणि त्याचा बाप्तिस्मा पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने झालेला असेल, तर बिशपांची परवानगी पुरते. जोडीदाराचा बाप्तिस्मा झालेलाच नसेल, तर सूट लागते, आणि तिच्याशिवाय लग्न अवैध ठरतं. नंदुरबार-नवापूर भागात आणखी एक बारकावा आहे. काही मंडळ्यांत बाप्तिस्मा मोठेपणी, स्वतः विश्वास कबूल केल्यावरच देतात. मुलगी पिढीजात ख्रिस्ती घरातली, रोज बायबल वाचणारी असते, पण तिचा बाप्तिस्मा अजून झालेला नसतो. मग चर्चच्या दृष्टीने तिच्यासाठी सूटच हवी, नुसती परवानगी चालत नाही. म्हणून ‘ख्रिस्ती आहे’ एवढ्यावर अर्ज भरू नका. बाप्तिस्म्याचा दाखला मागा.

दोन्ही प्रकारांत कॅथलिक व्यक्तीने लेखी सांगायचं असतं की मी माझ्या श्रद्धेवर टिकून राहीन आणि मुलांना कॅथलिक बाप्तिस्मा व शिकवण मिळावी म्हणून माझ्याकडून होईल ते सारं करीन. दुसऱ्या व्यक्तीकडून अशी शपथ घेत नाहीत. मात्र कॅथलिक जोडीदाराने काय वचन दिलं आहे ते तिला स्पष्ट माहीत असावं लागतं. हे सासरच्यांपासून लपवून ठेवलं की पहिल्या बाळाच्या वेळी घरात भांडण उभं राहतं. धर्म बदलण्याची अट चर्च घालत नाही, आणि केवळ लग्नासाठी घाईने घेतलेला बाप्तिस्मा चर्चला नकोच असतो. भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियमाखाली दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी चर्चमध्ये लग्न होऊ शकतं.

हिंदू किंवा आदिवासी रीतीच्या घराशी सोयरीक असेल तर दोन वेळा लग्न लावायची मागणी येते, सकाळी चर्चमध्ये आणि दुपारी मंडपात मंगलाष्टकांसह. हे चालत नाही. चर्चमधल्या विधीच्या आधी किंवा नंतर संमती देण्याचा दुसरा धार्मिक विधी करायला चर्च कायद्याने मनाई आहे (कलम ११२७). संमती एकदाच दिली जाते. हळद, मांडव, बस्ता, आहेर, वरण-बट्टीची पंगत यांना कुणाचीच हरकत नाही, कारण ते समाजाचं आणि आनंदाचं आहे. होम, सप्तपदी, कुलदैवताची पूजा हे धार्मिक विधी आहेत. व्याह्यांना ही रेघ साखरपुड्याच्या आधीच दाखवून द्यावी. मंडप पडल्यावर सांगितलं तर त्यांना तो अपमान वाटतो आणि ते चूकही नाही.

भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात मूळ केरळची सिरो-मलबार (पूर्वेकडच्या परंपरेच्या कॅथलिक चर्चमधली) कुटुंबंही आहेत. अशा घरातल्या वर किंवा वधूसाठी त्यांच्या स्वतःच्या चर्चचा दाखला घ्यावा. हे लग्न फक्त धर्मगुरूच लावू शकतात, डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा चर्चसेवक) नाही.

आधीचं लग्न

ख्रिस्ती होण्यापूर्वी गावरीतीने, पंचांसमोर झालेलं लग्नही लग्नच असतं. कागद नव्हता म्हणून ते नव्हतंच असं धरून चालता येत नाही. पहिला जोडीदार हयात असेल तर ते फादरांना पहिल्याच भेटीत सांगा. काही प्रसंगी चर्च कायद्यात वाट निघते, पण ती तपासानंतरच.

विवाह मुळात झालाच नव्हता असा निर्णय चर्चच्या न्यायालयाने दिला असेल तरी दिवाणी घटस्फोट किंवा विवाहशून्यतेचा हुकूम वेगळा लागतो. चर्चच्या निर्णयाला दिवाणी कायद्यात घटस्फोटाचं बळ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. उलट, नुसता कोर्टाचा घटस्फोट असेल तर चर्चमध्ये दुसरं लग्न होत नाही. दोन्ही कागद हवेत.

फादरांची चौकशी

दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारतात आणि उत्तरांवर सही घेतात. आई बाहेर थांबते. तुझ्यावर कुणाचा दबाव आहे का? काही आजार, कर्ज, आधीचं नातं लपवलं आहे का? मुलं नकोतच असं मनात ठरवलं आहे का? न पटलं तर सोडू, असं धरून लग्न करतो आहेस का? यांपैकी काही खरं असेल तर होकारच पोकळ ठरतो आणि लग्न अवैध होऊ शकतं. खान्देशात सोयरीक अजून बहुधा मोठी माणसंच जुळवतात आणि त्यात गैर काही नाही. पण मुलीने मान खाली घालून हो म्हटलं म्हणजे तिची संमती मिळाली, असं धरायचं नसतं. तिला नाही म्हणायचं असेल तर ही खोली त्यासाठीच आहे. तिने तिथे नाही म्हटलं तर ते लग्न फादरांनी थांबवलंच पाहिजे, कार्डं वाटून झाली असली तरी.

पैशांचं बोलणंही इथे येतं. हुंडा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. भिल्ल-पावरा समाजांत देज वराकडून वधूच्या बापाला जाते, तिचा प्रश्न वेगळा आहे. पण ‘देज पुरी झाली तरच ही माझी बायको’ अशी पुढची अट घालून दिलेली संमती चर्च कायद्यात अवैध आहे (कलम ११०२). देण्याघेण्याचं पंचांसमोर आधी मिटवा आणि लग्नाला त्यापासून मोकळं ठेवा.

विधी

दोघं कॅथलिक असतील तर लग्न सहसा मिस्सेत होतं, तास-सव्वातास लागतो. एकाचा बाप्तिस्मा नसेल तर मिस्सेविना, शास्त्रवाचनासह विधी होतो आणि पाऊण तासात संपतो. त्यामुळे अर्ध्या पाहुण्यांना ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत कॅथलिकांना दिली जाणारी पवित्र भाकर) का नाही, हा अवघड प्रसंगही टळतो.

प्रवेश आणि प्रार्थनेनंतर शास्त्रवाचन होतं. निदान एक वाचन थेट विवाहाविषयी असावं: उत्पत्ती २, तोबित ८, इफिसकरांस ५, मत्तय १९ किंवा काना गावच्या लग्नाचं योहान २. वाचक आधी ठरवा आणि त्यांना माईकवर एकदा वाचून पाहायला लावा. प्रवचनानंतर सगळे उभे राहतात आणि फादर तीन गोष्टी विचारतात: स्वेच्छेने आला आहात का, आयुष्यभर एकनिष्ठ राहाल का, मुलांचा प्रेमाने स्वीकार करून त्यांना ख्रिस्ताच्या मार्गावर वाढवाल का. वधू-वर वयस्क असतील तर तिसरा प्रश्न गाळतात.

मग दोघं उजवे हात हातात घेतात आणि संमती देतात. सुखात-दुःखात, आजारात-आरोग्यात विश्वासू राहण्याचं, आयुष्यभर प्रेम आणि आदर करण्याचं वचन. लग्न या क्षणी होतं. अंगठी किंवा मंगळसूत्र नंतर येतं. म्हणून हे शब्द ऐकू आले पाहिजेत. माईक वर-वधूच्या तोंडाशी हवा, मध्येच बँड वाजता कामा नये, फोटोग्राफरने त्यांच्या आणि साक्षीदारांच्या मध्ये उभं राहू नये. पाठ करून विसरण्यापेक्षा फादरांच्या मागून म्हणणं किंवा प्रश्नाला उत्तर देणं बरं, दोन्ही चालतं. मराठी नीट कळत नसेल तर कळणाऱ्या भाषेत संमती द्यावी. दुभाष्याची सोय चर्च कायद्यात आहे, फक्त तो भरवशाचा असावा.

फादर संमती स्वीकारतात, अंगठ्यांना आशीर्वाद देतात आणि दोघं त्या एकमेकांच्या बोटात घालतात. भारतातल्या विधीत मंगळसूत्रालाही आशीर्वाद देऊन ते बांधता येतं. आपल्याकडे काळ्या मण्यांत क्रूस ओवलेलं असतं. हार घालायचे तर नेमके कधी, ते फादरांना विचारून ठेवा. पुढे विश्वासूंच्या प्रार्थना, अर्पण, आणि ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ या प्रार्थनेनंतर वधू-वरांवरचा मोठा आशीर्वाद. मिस्सेतला हा भाग अनेकांच्या लक्षात येत नाही, कारण तोवर पाहुणे जेवणाकडे वळलेले असतात. त्यांना थांबवा. जोडप्याने लग्नाआधी प्रायश्चित्त संस्कार (फादरांपुढे पापांची कबुली) घेऊन ठेवावा, म्हणजे ख्रिस्तप्रसाद मोकळ्या मनाने घेता येतो.

सिनेमातली गाणी चर्चमध्ये नकोत. अक्षता आत टाकू नका. गुळगुळीत फरशीवर तांदळावरून म्हातारी माणसं घसरतात, बाहेर पायऱ्यांखाली टाका.

साक्षीदार, परवानगी, नोंद

दोन साक्षीदार लागतात. त्यांनी संमती प्रत्यक्ष पाहिली-ऐकली पाहिजे. ते कॅथलिकच असावेत अशी अट नाही, पण सज्ञान आणि वेळेवर येणारे असावेत. वरातीत अडकलेला मित्र साक्षीदार म्हणून नेमू नका.

वसईहून किंवा गोव्याहून नात्यातले फादर लग्न लावायला येणार असतील तर स्थानिक फादरांनी त्यांना या लग्नापुरता स्पष्ट अधिकार दिलेला असावा, तोही लेखी असलेला बरा. तो नसेल तर मिस्सा कितीही भक्तीने झाली तरी लग्न अवैध ठरतं (कलम ११०८).

सह्या वेदीवर करत नाहीत, बाजूच्या टेबलावर करतात. सही करण्याआधी नावं, जन्मतारखा, वडिलांचं नाव वाचून पाहा. नंतर दुरुस्ती फार त्रासाची. प्रमाणपत्राच्या दोन-तीन प्रती त्याच आठवड्यात घ्या. फादर लग्नाची माहिती दोघांच्या बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामांना पाठवतात. तीन महिन्यांनी तिथे फोन करून समासात नोंद चढली का, ते विचारून घ्या.

आधीच एकत्र राहणारी जोडपी

काही आदिवासी घरांत जोडपं आधी एकत्र राहू लागतं आणि पैसे जमले की काही वर्षांनी थाटात लग्न करतं. कधी कॅथलिक मुलाने नुसतं कोर्टात लग्न केलेलं असतं, जे बिशपांनी सूट दिल्याशिवाय चर्चच्या दृष्टीने पुरत नाही. अशांनी लाजून चर्चपासून दूर राहू नये. कागद तेच लागतात, तयारी तीच, फक्त कोर्टाच्या लग्नाचा दाखला जोडावा. विधी साधा, दोन साक्षीदारांपुढे, गाजावाजा न करता होऊ शकतो. संमती मात्र नव्याने द्यावी लागते. पंगत परवडत नाही म्हणून हे लांबवू नका: फादर, दोन साक्षीदार आणि दोघांचा होकार एवढ्यात लग्न पूर्ण होतं, आणि मुलं आधीच झाली असतील तर त्यांच्या बाप्तिस्म्याविषयीही त्याच भेटीत बोलून घ्या.